वाकलेल्या राजाची भिंत

मागच्या सोमवारी मी कवठाळीला जाऊन आलो आणि तेव्हापासून तोंडाची चव गेली आहे. बायको म्हणेल, चव गेली म्हणता आणि भजी दोनदा मागून घेतली. तिचं ऐकू नका. कवठाळीच्या देवळाच्या सभामंडपात एक भिंत आहे. त्या भिंतीवर तेल, शेंदूर, गूळ आणि नारळाचं पाणी यांचा बोटभर जाड चिखल थापलेला आहे. चिखलावर माश्या बसल्या आहेत आणि माश्यांसमोर माणसं हात जोडून उभी आहेत. त्यातल्या त्यात माश्या बऱ्या. त्या निदान काहीतरी मागायला आलेल्या नाहीत.

त्या चिखलाखाली माझ्या दोस्ताचं चित्र आहे. मन्मथ पेंटरचं.

उदगीरला स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक पत्र्याचं शटर, आत रंगाचे डबे, आणि बाहेर एक बाकडं, ज्यावर मी नोकरीतून सुटल्यापासून रोज बसतो. मन्मथ मूळचा कवठाळीचा, शेतकऱ्याच्या घरचा. नांगर धरायच्या वयात ब्रश धरला म्हणून बापाने वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. उदगीर ते निलंगा एके काळी एकही पाटी अशी नव्हती जिला त्याचा हात लागला नाही. अडत दुकानं, दवाखाने, ट्रकची मागची फळी, बियाण्याच्या जाहिराती, बिडीच्या जाहिराती आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला बिडी पिऊ नका ही सरकारी सूचना. दोन्ही तितक्याच मन लावून.

त्याच्या लग्नाची कथा मीच गावभर केली, म्हणून इथेही सांगतो. सिंधुवहिनींच्या वडिलांचं अडत दुकान. त्यांनी पाटी रंगवायला मन्मथला बोलावलं. काम तीन दिवसांचं. हा पठ्ठ्या अकरा दिवस शिडीवरून उतरलाच नाही. शिडीवरून दुकानामागचं घराचं अंगण दिसतं, हे त्या भल्या माणसाच्या अकराव्या दिवशी लक्षात आलं. तोवर अंगणातूनही कोणीतरी शिडीकडे बघू लागलं होतं.

पुढे फ्लेक्सचं यंत्र आलं. ज्याला हातात खडू धरता येत नाही असा माणूस बटण दाबून वीस फुटांचा पुढारी काढून देऊ लागला. मन्मथच्या पाट्या एकेक करून खाली आल्या. काही गोठ्याला लागल्या, काही न्हाणीला आडोसा म्हणून. सासऱ्याच्या दुकानाची ती अकरा दिवसांची पाटीसुद्धा मेहुण्याने उतरवली आणि तिच्यावर शेवया वाळत घातल्या. सिंधुवहिनी भावाशी महिनाभर बोलल्या नाहीत. एवढ्या जन्मभराच्या कामातलं मन्मथचं जाग्यावर राहिलं ते एकच, कवठाळीची भिंत. तेवढी आपल्या मागे राहावी, बाकी काही नको, असं तो म्हणायचा. जास्त बोलणारा माणूस नाही तो. जास्त बोलायला मी आहे.

कवठाळीत एक पोथी आहे. छापलेली नाही, पिढ्यान् पिढ्या हाताने उतरवलेली. एकवीस अध्याय, हजारो ओव्या. श्रावणात ती सभामंडपात बसते आणि महिनाभर वाचली जाते. धवलराय आणि कंबराय या दोन राजांचं बारा वर्षांचं युद्ध आहे तिच्यात. एकोणिसाव्या अध्यायात धवलराय कंबरायाला मारतो. कंबरायाची माणसं पळून गेलेली असतात, प्रेताला पाणी घालायलाही कोणी उरलेलं नसतं. तेव्हा धवलराय डोक्यावरचा लोखंडी टोप काढतो, नदीवरून त्यात पाणी आणतो आणि स्वतः वाकून वैऱ्याचे पाय धुतो.

बारा वर्षे जयाची वाट पाहिली ।
तयाची पाउले म्यां धुतली ।
आता ओळख कोण उरली ।
रणामाजी ॥

ही ओवी झाली की त्या दिवशी घंटा वाजत नाही, आरती नाही, प्रसाद नाही. वाचणारा पोथी मिटतो आणि लोक न बोलता घरी जातात. कवठाळीची माणसं न बोलता घरी जातात असा वर्षातला तो एकच दिवस.

वीस वर्षांमागे नवा सभामंडप झाला तेव्हा पोथी वाचणारे शिवलिंग मास्तर म्हणाले, हाच प्रसंग भिंतीवर काढा. मन्मथने दोन महिने दुकान बंद ठेवलं. डाव्या हाताला वाकलेला धवलराय, पाठमोरा, चेहरा जेमतेम दिसणारा. उजव्या हाताला आडवा पडलेला कंबराय, आणि त्याचे पाय थेट बघणाऱ्याच्या समोर. मधे लोखंडी टोपातून सांडणारं पाणी, मागे नदी. ते पाय त्याने आपल्या बापाचे काढले. बाप तेव्हा नुकताच गेला होता. टाचेच्या भेगा, भेगांत बसलेली काळी माती, अंगठ्याचं फुटकं नख. पाणी पडतंय तिथली माती विरघळून एक ओघळ खाली चाललेला. त्या पायांसमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, वाकून त्या फुटक्या नखाला बोट लावून बघितलं. सिंधुवहिनी तेवढ्या म्हणाल्या, "माझ्यासाठी अकरा दिवस लावले, आन् मढ्याच्या पायाला चौदा."

आता लोकांनी ते कसं घेतलं ते ऐका.

उद्घाटनाला अख्खं गाव जमलं. एक म्हातारा म्हणाला, "राजाच्या टाचा अशा असत्यात का? ह्या तं सालगड्याच्या."

शिवलिंग मास्तर म्हणाले, "बारा वर्षं रणात उभा हाय त्यो. तुमच्यावानी पारावर बसून न्हाई."

दुसऱ्याला घोडा पाहिजे होता. तिसरा विचारत होता, राणी कुठं आहे. आणि साहेबरावांच्या मंडळींनी, म्हणजे देवस्थानाच्या आजच्या अध्यक्षांच्या बायकोने, वाकलेल्या धवलरायाकडे बघून सगळ्या बायांत मोठ्यांदा सांगितलं, "अगं बया, आमचं मालक लग्नातून निघताना चपला हुडकत्यात तवा अस्संच दिसत्यात!" बाया हसून लोळल्या. साहेबराव मागेच उभे होते. माणूस ठेच विसरतो, पण बायकोने चारचौघींत काढलेली ही असली गोष्ट वीस वर्षं जपून ठेवतो. मी ठेवली आहे, म्हणून मला माहीत.

मग लातूरहून सौदामिनीबाई आल्या. कॉलेजात कला शिकवतात. भिंतीसमोर त्या तासभर उभ्या होत्या, पण पाठ भिंतीकडे आणि तोंड फोटो काढणाऱ्याकडे. नंतर एका मासिकात त्यांचा लेख आला. त्यात होतं की अशिक्षित लोककलाकाराच्या नेणिवेतून सत्तेचा प्रतिवाद उमटला आहे. मन्मथने मला विचारलं, "ह्ये माझ्याबद्दल हाय का?" मी म्हणालो, हो. तो म्हणाला, "बाईनं पायाबद्दल कायबी लिवलं न्हाई." खरंच नव्हतं लिहिलं.

पुढची पंधरा-सोळा वर्षं त्या भिंतीची जी दशा झाली ती सांगताना मला अजून शिसारी येते. आधी ट्यूबलाइटसाठी नदीत खिळा ठोकला. मग वाढदिवसाच्या फ्लेक्सला दोन खिळे, एक धवलरायाच्या पाठीत. पंगतीला बसणाऱ्यांनी डोकी टेकून टेकून खालच्या अंगाला तेलाचा पट्टा उमटवला. एकाने कोळशाने मोबाइलचा नंबर लिहून ठेवला. कोपऱ्यात पान थुंकून थुंकून कंबरायाच्या डोक्यामागे खरोखरीचं रण केलं. दरवर्षी श्रावणाच्या तोंडावर गावच्या बाया घागरी घेऊन सभामंडप धुतात, ही जुनी चाल. त्यामुळे निदान पान निघायचं. मन्मथ वर्षातून एकदा यायचा, खिळ्यांची भोकं भरायचा, रंगाला रंग मिळवायचा आणि मुकाट जायचा. पायांना मात्र कोणी खिळा मारला नव्हता.

मग साहेबराव अध्यक्ष झाले. काळ कसला आहे ते तुम्ही पाहताच आहात. हल्ली ज्याला त्याला राजा उभाच लागतो. छाती फुगवलेला, मिशी तलवारीएवढी, आणि पायाखाली कोणीतरी. साहेबरावांनी देवळात बैठक घेतली. मन्मथला बोलावणं आलं, मी सोबत गेलो. फुकटचा तमाशा मी सोडत नाही.

साहेबराव म्हणाले, "मन्मथअप्पा, चित्र चांगलं हाय. पर आमचा राजा वाकला कामून? पोरं इच्यारून राहिलेत. वैऱ्याचे पाय धुतो म्हंजी काय? गावाची इज्जत हाय का न्हाई?"

शिवलिंग मास्तर म्हणाले, "पोथीत तसंच हाय, साहेबराव. तुमच्या आज्यानं ऐकलं, बापानं ऐकलं."

"पोथी राहू द्या तुमच्यापाशी, मास्तर. पोथी कोण वाचतंय? भिंत समद्यांना दिसती."

मग त्यांनी दोन वाटा पुढे ठेवल्या. एक तर मन्मथने राजा सरळ करून द्यायचा, पाय वैऱ्याच्या छातीवर. नाहीतर भिंतीला खालपासून वरपर्यंत फरशी. नमुन्याची फरशी आणलेलीच होती. गुलाबी, चकचकीत, मधे बदक. देव-देवळांना हल्ली न्हाणीघराची फरशी बसवायची जी हौस आली आहे, तिच्यापुढे मी तर हात टेकले. देवाला वाटत असेल, आता कोणीतरी कपडे काढून अंघोळीला येणार.

मी मन्मथच्या कानात म्हणालो, "थुंक आणि चल." त्याने बदकाकडे बघितलं. मग म्हणाला, "करून देतो."

परतीच्या एस.टी.त मी त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या घरी मात्र बोललो, आणि फार बोललो. बापाच्या छातीवर पाय द्यायला निघालास, असंही म्हणालो. सिंधुवहिनी आतून आल्या. "भाऊजी, फरशी बसवायची म्हंजी भिंतीला छिन्नीनं टाचे मारत्यात. समदं खलास. त्येला काय करायचं त्ये करू द्या."

चैत्रात त्याने आठ दिवसांत काम उरकलं. वाकलेला धवलराय दिसेनासा झाला, त्या जागी उभा धवलराय आला. मिशी, तलवार, मागे उन्हाचे फटकारे, एक पाय कंबरायाच्या छातीवर. चेहरा हुबेहूब साहेबरावांचा, गळ्याखालचं मांस सोडून. बक्षीस म्हणून तेवढं वगळलं असावं. फटाके वाजले. साहेबरावांनी चित्राशेजारी तसाच पाय उचलून फोटो काढून घेतला, पाय ठेवायला प्लास्टिकची खुर्ची होती. ती मोडली. त्या दिवसातलं तेवढंच एक चांगलं.

मी मन्मथचं बाकडं सोडलं. चार महिने समोरच्या हॉटेलात बसत होतो आणि त्याला दिसेल असा बसत होतो. एकदा तो रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "श्रावणाच्या आधी कवठाळीला चला." दुसरं काही नाही.

श्रावणाच्या आदल्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा बाया सभामंडप धूत होत्या. एकीने भरली घागर भिंतीवर फेकली. आधी साहेबरावांची डावी मिशी गळ्यापर्यंत उतरली. दुसऱ्या घागरीला तलवार गेली, तिसरीला उन्हाचे फटकारे. छातीवरचा पाय तांबडा-पिवळा होऊन फरशीवर वाहत गेला. आणि त्या चिखलातून, वीस वर्षांपूर्वीचा, पाठमोरा धवलराय हळूहळू वर आला. वाकलेला. खाली ते पाय, जसेच्या तसे.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. भिंतीचा जुना रंग तेलाचा. त्यावर ह्या लबाडाने न घासता, न काही लावता, भुकटीचा डिस्टेंपर पाण्यात कालवून मारला होता. कामात मुरलेल्या पेंटरला विचारा, तेलावर पाण्याचा रंग किती टिकतो. पहिल्या धुण्यापर्यंत. मी त्याच्या पाठीवर थाप मारणार, एवढ्यात घागर टाकून एक बाई किंचाळली, "राजा वाकला! बाई गं, राजा वाकला!"

बस्स. तिथून सगळी घाण व्हायला सुरुवात झाली.

दुसरीने लोटांगण घातलं. तिसरीने धुण्याचं ते रंगीत पाणी ओंजळीत घेऊन तोंडाला लावलं. तासाभरात मोबाइलवरून मुखेडपर्यंत बातमी पोचली. साहेबराव तणतणत आले, आपली मिशी मोरीत चाललेली बघितली, मन्मथकडे असे वळले की आता मारतात. तेवढ्यात ट्रॅक्टर भरून आलेली माणसं दारातून आत शिरली आणि भिंतीसमोर आडवी झाली. साहेबरावांनी एकदा भिंत बघितली, एकदा माणसं बघितली. मग पायातली चप्पल काढली आणि पहिला नारळ त्यांनीच फोडला. फोडला तो धवलरायाच्या पाठीवर.

मन्मथ पुढे झाला. जन्मात पहिल्यांदा त्याने देवळाचा माइक हातात घेतला. "ऐका. चमत्कार न्हाई. डिस्टेंपर हाय. मीच मारला, धुतल्यावर जाणारा. खालचा राजा पहिल्यापासून वाकलेलाच हाय. तुमीच बघितलाय वीस वर्षं."

पुढची दोन-चार माणसं उठून बसली. मला वाटलं, समजलं.

साहेबरावांनी त्याच्या हातातला माइक काढून घेतला. "बगा! माणसाला वाटतंय आपून केलं! अप्पा, तुमच्या हातानं डिस्टेंपर मारून घेणारा कोण? त्योच की!" आणि मन्मथच्या गळ्यात हार पडला. एक म्हातारी त्याच्या पाया पडू लागली. तो मागे सरकत होता, "आज्जे, न्हाई, डिस्टेंपर हाय," आणि ती म्हणत होती, "हाव रे बाबा, डिस्टेंपर तं डिस्टेंपर, माझ्या सुनेला दिवस जाऊ दे."

पंधरा दिवसांत धवलरायाला शेंदूर लागला. त्यावर तेल, त्यावर गूळ. महिन्याभरात पाठ गेली, टोप गेला, पाणी ओतणारे हात गेले. राजाचं एक शेंदरी ढेकूळ झालं. मन्मथ सोडा आणि फडकं घेऊन पुसायला गेला तर चार जणांनी हात धरले. "अप्पा, इटाळ करू नका." ज्याने काढलं, त्याच्या हाताचा विटाळ! एकोणिसाव्या अध्यायाच्या दिवशी मास्तरांनी ओवी म्हणून पोथी मिटली आणि बाहेर डीजे सुरू झाला. मास्तरांनी पोथी कापडात गुंडाळली, बगलेत मारली आणि घरी नेली. आता ते घरीच वाचतात. ऐकायला बायको आणि एक मांजर. दोघंही शांत बसतात, असं ते म्हणाले.

मन्मथ दुकानात येईना. मी बाकड्यावर परत गेलो तर शटर बंद. घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून पडलेला. म्हणाला, "ढेकूळ वाढून राहिलंय. दिवाळीपत्तोर पायापाशी येतंय बगा."

हिशेब बरोबर होता. दर सोमवारी शेंदराची कड चार बोटं उजवीकडे सरकत होती. सिंधुवहिनी चहा घेऊन आल्या, उभ्या उभ्या म्हणाल्या, "खरं सांगून बघितलं ना? आता त्येंच्याच बोलीत सांगा. जन्मभर पाट्या केल्या, एक अजून करा."

दुसऱ्या दिवशी शटर उघडं. मन्मथने एक पत्रा घेतला, घासला, रंगाचे दोन हात मारले आणि सुतळीने रेघा पाडल्या. अक्षरं काढताना त्याची जीभ दातात यायची, ती फ्लेक्स आल्यापासून मी पाहिली नव्हती. त्या दिवशी आली. पाटी घेऊन तो साहेबरावांकडे गेला. म्हणाला, गर्दी वाढलीय, रांगेला शिस्त पाहिजे, फुकट करून आणलीय. फुकट म्हटल्यावर साहेबरावांनी वाचलीही नसेल. भिंतीच्या उजव्या अंगाला, कंबरायाच्या बाजूला त्यांनी ती स्वतः ठोकून घेतली. लाल अक्षरं, काळी सावली, उदगीर ते निलंगा कोणी काढणार नाही असं वळण:

"दर्शन डावीकडून. इकडे मयत आहे. सुतक लागेल."

त्या क्षणापासून उजवीकडे एक माणूस फिरकलेला नाही. रांग येते, ढेकळासमोर थांबते, नारळ फोडते आणि पाटीपाशी अंग चोरून वळते. बाया पोरांना ओढून घेतात. गरोदर बाईला तर लांबूनच नेतात. पुजारी त्या बाजूला झाडूसुद्धा मारत नाही, मन्मथच मारतो. त्याने गळ्यातल्या हारासकट ओरडून सांगितलेलं खरं कोणी ऐकलं नाही, आणि हे पत्र्यावरचं अख्ख्या गावाने पाळलं. ह्या माणसांची मला किळस येते. आणि त्यांची अक्कल नेमकी कुठे कापरासारखी उडते, हे माझ्या आधी सिंधुवहिनींना ठाऊक होतं, याचाही थोडा राग येतो.

मागच्या सोमवारी गेलो तो हेच बघायला. मन्मथ पाटीमागे गोणपाट टाकून बसला होता. शेजारी मी बसलो. डावीकडून कुजक्या नारळाचा वास, माश्या, घंटा, कोणाचं तरी लेकरू रडतंय. समोर मात्र ते पाय. भेगांतली काळी माती, फुटकं नख, आणि ओघळ. वर पाणी ओतणारे हात आता नाहीत, पण ओघळ चालूच आहे. मन्मथने ओल्या फडक्याने अंगठ्यावरची धूळ पुसली. हळू, जसं कोणाला जाग येऊ नये. रांगेतली एक बाई आमच्याकडे बोट दाखवून पोराला म्हणाली, "बघू नगं तिकडं, मयताची माणसं हायेत."

घरी आलो तर बायको दारात तांब्या घेऊन उभी. पाटीची कीर्ती उदगीरपर्यंत पोचली होती. "तिथंच थांबा. सुतकातून आलात."

मी तिला पाटीची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मन्मथने कशी रंगवली, सिंधुवहिनींनी कशी सुचवली, साहेबराव कसे फसले. ती पदर तोंडाला लावून पोटभर हसली. डोळे पुसले. मग म्हणाली, "बरं. आता आधी अंघोळ करा, मग आत या."